सूनबाईच्या मालिशबद्दल

परभणी
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईला सातवा लागला. रात्री कंबर धरते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि मालिश केली तर चालेल का, असं तू फोनवर विचारलंस. चालेल. नीट केलीस तर तिला झोपही चांगली लागेल. आधी डॉक्टरीणबाईंना दोन गोष्टी विचारून घे: वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) गर्भपिशवीच्या तोंडाशी, खाली आहे का आणि बीपी वाढलंय का. दोन्ही ठीक असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी जात नसेल, ताप नसेल, तर सुरू कर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी फुकट असते, ती चुकवू नका.

तिला उताणी झोपवू नको. पाचव्या महिन्यानंतर गर्भपिशवीचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं, मग घाम सुटतो, गरगरतं. पालथं झोपणं तर नाहीच. डाव्या कुशीवर निजव. एक उशी डोक्याखाली, एक लांब उशी दोन्ही पायांच्या मधे, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टेकेल अशी, आणि पोटाखाली चादरीची पातळ घडी. ही घडी लोक विसरतात. पोट लोंबकळत राहिलं की कंबरेचे स्नायू ताणलेलेच राहतात आणि वरून कितीही चोळलं तरी सैल पडत नाहीत.

तेल आपल्याकडचं घाण्याचं करडीचं पुरे. पातळ असतं, उग्र वास नसतो. तिळाचंही चालतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट कर आणि आपल्या मनगटावर थेंब टाकून बघ. पाठीला दोन चमचे तेल खूप झालं. कापूर किंवा निलगिरी घातलेली वेदनाशामक तेलं आत्ता नकोत. पहिल्या दिवशी तिच्या हातावर थोडं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघ, पोटाच्या दिवसांत कातडी लवकर खाजते.

आता हात कसा चालवायचा ते. तिच्या पाठीमागे बस. तळहात सपाट ठेव, कंबरेपासून खांद्याकडे वर ने, बाजूने हलका खाली आण. मणक्यावर दाब द्यायचा नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं सोडून स्नायूंचे लांब पट्टे लागतात, काम त्यांच्यावर. पाच-सहा फेऱ्यांनी कातडी ऊबदार झाली की तळहाताच्या मनगटाजवळच्या गादीने सावकाश गोल फिरव. माकडहाडाच्या वर जे सपाट तिकोनी हाड लागतं, तिथे तळहात टेकव. ती श्वास सोडेल तेव्हा दाब, घेईल तेव्हा सोड. असं आठ-दहा वेळा. कंबरेच्या दुखण्याला हा हात फार उपयोगी पडतो, आणि कळा सुरू झाल्यावरही हाच दाब तिला आराम देईल, म्हणून आत्ताच सवय कर. दुखणं कुल्ह्यातून मांडीत उतरत असेल तर कुल्ह्याच्या मांसल भागावर मूठ ठेवून स्थिर दाब दे, रगडू नको. सगळं मिळून वीस मिनिटं. पोटाला मात्र हात लावायचा नाही. बाळ आडवं आहे म्हणून पोट चोळून सरळ करणाऱ्या बाया अजून गावागावांत आहेत. वार सुटून रक्तस्राव झाला तर बाळ आणि आई दोघांच्याही जिवावर बेततं.

पायांचं नीट वाच. तळव्याला अंगठ्याने टाचेपासून बोटांकडे चांगला दाब चालतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मात्र फक्त तळहात वर सरकवायचा, मोरपीस फिरवावं तसा हलका. पोटरी आणि मांडीच्या आतल्या अंगाला रगडायचं नाही. या दिवसांत रक्त लवकर गोठतं, पायाच्या शिरेत गुठळी असली तर रगडण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. संध्याकाळी दोन्ही पाय सारखे सुजतात ते बहुतेक वेळा साधं असतं. एकच पाय सुजला, गरम किंवा लाल झाला, पोटरी दुखायला लागली तर तेलाची वाटी बाजूला ठेव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. तोंड-हात अचानक सुजले, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बीपी लगेच तपासून घ्या. नुसता गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढून धर, तो सुटतो. आणि तळव्याचं तेल पुसल्याशिवाय तिला उठू देऊ नको, फरशीवरून पाय सटकतो.

बाळंतपण पौषात, अंबाजोगाईला, तिच्या माहेरी. तिथे मालिशवाली बाई येईल, येऊ दे. पण रडू येईस्तोवर रगडलं म्हणजे अंग सुटतं, ही समजूत धरू नका. बाळंत झाल्यावर सहा आठवडे गुठळीचा धोका पोटुशीपणाहून जास्त असतो, म्हणून पोटरीचा नियम तसाच. पायाने तुडवणं अजिबात नाही. साधं बाळंतपण झालं तर तिला बरं वाटेल तसं दोन-तीन दिवसांनी पाठ, खांदे, हात सुरू करता येतात. बाळाला पाजून पाजून मान आणि खांदे भरून येतात, खरी गरज तिथे असते. सिझर झालं तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर कुशीवर निजवून तेवढंच, आणि टाक्यांच्या आसपास तेल नाही.

पोट रगडून किंवा आवळून बांधून गर्भपिशवी जागेवर जात नाही. ती दहा ते चौदा दिवसांत आपोआप ओटीपोटात उतरते, सहा आठवड्यांत मूळ मापाची होते, पाजल्याने ती आणखी आकसते. बाळंत झाल्याबरोबर सिस्टर पोट चोळतात ते रक्त थांबवायला, ते वेगळं. फार आवळून बांधलं तर दाब खाली जातो आणि आधीच ताणलेल्या जागेवर येतो. छातीत दुधाची गाठ झाली तर तीही रगडायची नाही. बाळाला पाजायचं, मग गार फडकं ठेवायचं. लाली आणि ताप आला तर डॉक्टर.

थंडीत बाजेखाली शेगडी लागेल, दारं-खिडक्या लावून घेतील. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, आई आणि लेकरू झोपेतच जाऊ शकतात. शेगडी खोलीत नको, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. सिझरच्या टाक्यांभोवती कातडी बधिर असते, चटका बसला तरी तिला कळत नाही, म्हणून तिथे शेक नाही. न्हाणीघरात कढत पाणी ओतणंही नको. न्हायच्या आधी काही खाऊ द्या आणि दाराशी कुणीतरी थांबा.

सिझर झालं असेल तर सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी जखम पूर्ण भरली म्हटलं की व्रणाची मालिश तिने स्वतः करायची. दोन बोटं टेकवून, बोटं न घसरवता, कातडी वर-खाली, आडवी आणि गोल हलवायची, रोज पाच मिनिटं. आधी व्रणाच्या कडेला, मग त्याच्यावर. व्रण आत चिकटून बसला की वाकताना ओढ बसते, ती कमी व्हायला याने मदत होते.

एका तासात पॅड पूर्ण भिजलं, ताप १००.४ च्या वर गेला, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करायचा, घरचे उपाय करत बसायचं नाही. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, टाके आणि रक्तस्राव त्यांना मोकळेपणी दाखवायला सांग.

विहीणबाईंना बाई ठरवायच्या आधीच हे सांगून ठेव, नंतर सांगितलं तर त्यांना लागेल. शेगडीचं मी स्वतः बोलते. आणि मालिश चालू असताना सूनबाई "बस" म्हणाली की हात तिथेच थांबला पाहिजे, हे मात्र तू बाईला तिच्यासमोर सांग.

तुझी आई