सौर वादळ आणि सौरपंप भाऊ-भाऊ नव्हेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘सौर वादळ धडकणार, विदर्भ आणखी होरपळणार’ ही बातमी आणि तिच्या पोटात ‘काय काळजी घ्याल?’ ही चौकट वाचली. बातमीकडे नंतर येतो. आधी चौकटीतला तिसरा सल्ला : ‘वादळाच्या काळात शेतातील सौरपंपाच्या पॅनेलच्या वायरी काढून ठेवाव्यात.’ हे ज्यांनी लिहिले त्यांनी भरदुपारी चालू प्लेटांची पिन कधी ओढून पाहिलेली नाही, एवढे नक्की.

पाच एचपीच्या पंपाला साधारण पाच हजार वॅटच्या प्लेटा लागतात आणि त्या एकीला एक जोडून रांगेत असतात. एका प्लेटीचे व्होल्टेज ४५-५० असले तरी दहा प्लेटांच्या रांगेत ते साडेचारशे-पाचशेवर जाते. आणि ही वीज डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून बटण बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. पंप चालू असताना जोड ओढला की दोन टोकांमध्ये पांढरीनिळी ज्योत धरते आणि ओढाल तशी लांबत जाते. प्लास्टिक वितळते, बोटे भाजतात. त्यात प्लेटांच्या सावलीत पऱ्हाट्या रचून ठेवायची आपल्याकडे सवय. त्या पेटल्या तर बादलीने पाणी मारायचीही सोय नाही, कारण ऊन आहे तोवर प्लेट बंद होत नसते. बटण कंट्रोलरला असते, सूर्याला नाही.

पंप बंद ठेवायचाच असेल तर आधी कंट्रोलरवरून मोटर थांबवावी. मग पेटीतला डीसी ब्रेकर खाली करावा. कंट्रोलर उघडायचा असल्यास आतले कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटे द्यावीत. पिन काढायची वेळ आलीच तर दिवस मावळल्यावर, तीही ब्रेकर खाली असल्याची खात्री करून. आपल्या चौकटीत यातले अक्षर नाही. म्हणजे ज्या वादळाने पंपाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, त्याच्या नावाने शेतकऱ्याचा हात भाजायची व्यवस्था मात्र झाली. गावाकडे छापलेल्या शब्दावर अजून विश्वास ठेवतात हो!

केसालाही धक्का का लागत नाही, तेही सांगतो. सौर वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्यामुळे जमिनीत व लांब तारांमध्ये प्रवाह वाहू लागतो. यातला कळीचा शब्द ‘लांब’. किलोमीटरमागे अगदी दोन व्होल्ट धरले तरी प्लेटांपासून विहिरीपर्यंतच्या पन्नास मीटर वायरीत येतात ०.१ व्होल्ट. शेकडो किलोमीटरच्या उच्चदाब वाहिन्यांचे गणित वेगळे. तिथे हा डीसीसारखा संथ प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून आत शिरतो, गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्यूबेकची सगळी वीजयंत्रणा अशीच दीड मिनिटात बसली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. पण क्यूबेक उत्तरेला, चुंबकीय ध्रुवाकडे झुकलेले. यवतमाळ-वर्धा चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाहीत. आपली डीपी जळते ती बहुधा जादा भाराने, त्यासाठी सूर्याला वेठीला धरायची गरज नाही.

आता ‘आणखी होरपळणार’. वादळातून येतात ते विद्युतभारित कण आणि चुंबकीय क्षेत्र, ऊन नव्हे. सूर्यावर भडकणाऱ्या ज्वाळेबरोबर क्ष-किरण निघतात आणि ८ मिनिटे २० सेकंदांत पोहोचतात हे खरे, पण ते हवेच्या वरच्या थरांतच शोषले जातात. शॉर्टवेव्ह रेडिओ खरखरतो, जमिनीवरच्या तापमापकाला पत्ता लागत नाही. अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्याच्या एकूण ऊर्जेत पडणारा फरक हजारात एक एवढाच. उलट सूर्यावरचा मोठा काळा डाग समोरून सरकत असताना ती किंचित कमीच भरते. बातमीतले ‘सूर्य जवळ आल्याने’ हे वाक्य तर कृपा करून कायमचे काढून टाका. सूर्य सर्वांत जवळ असतो जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटीपाशी बसतो तेव्हा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तो त्याहून चाळीस लाख किलोमीटरपेक्षा जास्त दूर गेलेला असतो. नवतपा तापतो कारण सूर्य डोक्यावर येतो : यवतमाळला २२ मेच्या सुमारास, नागपूरला २६ मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आसपास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वर आकाश निरभ्र, वायव्येकडून कोरडा वारा, समुद्र दूर आणि वावरे उघडी काळी पडलेली.

सोबतच्या चित्राने कळस केला. ‘गाभ्यात उठलेले वादळ’ म्हणे. गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असते, तिथे हायड्रोजनचे हेलियम होते आणि ती ऊर्जा पृष्ठभागापर्यंत झिरपायला हजारो वर्षे लागतात. वादळ उठते ते वरच्या बाजूला. बाहेरचा जवळपास तीस टक्के थर भातासारखा खदखदत असतो, शिवाय सूर्य मधोमध सुमारे २५ दिवसांत फिरतो आणि ध्रुवांकडे ३५ दिवसांत. त्यामुळे चुंबकीय रेषांना पीळ पडतो. दोर वळताना फाजील पीळ बसला की मध्येच वेटोळे उसळते ना, तसे वेटोळे पृष्ठभागाबाहेर येते. त्याचे दोन पाय म्हणजे डाग. तिथे चुंबकत्व खालचा तप्त वायू वर येऊ देत नाही, म्हणून ५,५०० अंशांच्या पृष्ठभागावर ते साडेतीन-चार हजारांचे आणि काळे दिसतात. आपल्या चित्रात मात्र डागांवर ‘अतितप्त भाग’ असा बाण आहे! सूर्याभोवतीचे प्रभामंडळ दहा-वीस लाख अंशांचे आहे हे बरोबर, पण ते इतके विरळ की वेल्डिंगची ठिणगी आणि उकळत्या पाण्याचा गंज यांत हाताला जास्त कोण भाजेल, त्यातला प्रकार.

आणि ‘शुक्रवारी दुपारी १२ वाजता धडकणार’? इतक्या वेळेवर आपल्याकडे एसटीही येत नाही. सूर्यावरून सुटलेला वायूचा लोट कधी पंधरा-वीस तासांत येतो, कधी तीन-चार दिवस घेतो, आणि अंदाज काही तासांनी सहज चुकतो. त्याचे चुंबकत्व दक्षिणेकडे वळलेले असेल तरच पृथ्वीचे चुंबकीय कवच उघडते, नाहीतर बराचसा बाजूने निघून जातो. ही दिशा खात्रीने कळते ती लोट पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी आल्यावर, म्हणजे अर्धा-पाऊण तास आधी. आपले आदित्य एल-१ हे यान जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे; त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेने केली. १८५९ च्या महावादळाची चुंबकीय नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली, पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. बातमीत नासा चार वेळा आहे, अलिबाग एकदाही नाही.

खरोखर काही सांगायचे होते तर ड्रोनवाल्यांना सांगायचे. १०-११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात तांबडी झळाळी दिसली, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडून भरकटले. वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन वाढले-हलले की उपग्रहाचा संदेश उशिरा पोहोचतो आणि जागा चुकते. तेव्हा तीव्र वादळाच्या दिवशी फवारणीचा ड्रोन उडवू नये. औषध शेजाऱ्याच्या संत्र्यावर जायचे. पंपवाल्याने रोहिणी-मृगातल्या विजांची काळजी करावी. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का, तो ओला आहे का, विजेचा अरेस्टर शाबूत आहे का, हे आत्ताच पाहावे. मे महिन्यात दुपारी पाणी कमी पडते तेही वादळाने नव्हे. प्लेट ६५ अंशांवर गेली की २५ अंशांपुढच्या दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के या हिशेबाने चौदा-सोळा टक्के वीज जाते, आणखी थोडी धुळीने. प्लेटा सकाळी धुवाव्यात, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

तिसऱ्या सल्ल्याचा खुलासा उद्याच्याच अंकात, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापावा ही विनंती.

सूर्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्या विदर्भ आवृत्तीत पंचांगाशेजारी सूर्योदय आणि चंद्रोदय मुंबईचे छापले जातात. यवतमाळला दोन्ही वीसेक मिनिटे आधी होतात, गोंदियाला जवळपास अर्धा तास. संकष्टीला चंद्र केव्हाच वर आलेला असतो आणि माणसे पेपर पाहून उपाशी बसलेली असतात.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ