बांधकाम खात्याच्या मॅडमना, आमच्या गावाकडून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं आम्हाला उशिरा कळलं. गावाला तुमचा सत्कार करायचा होता, तो राहून गेला. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या गावासाठी तुम्ही काय केलंत, हे पुढच्या-मागच्या गावांनाही कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा गाव तापलेलं होतं. शाळा सुटल्यावर एसटीच्या पुढून रस्ता ओलांडताना आमच्या सातवीतल्या मुलीला कारने उडवलं होतं. तिच्या पायात रॉड घालावा लागला. त्यानंतर रास्ता रोको झाला. मागणी एकच होती, शाळेसमोर दणदणीत स्पीड ब्रेकर. खात्याने केला नाही तर मुरूम-खडी टाकून रातोरात आम्हीच करतो, असं तरुण पोरं तुमच्या तोंडावर म्हणाली होती.

तुम्ही नाही म्हणालात. पण नाही म्हणून जीपमध्ये बसून निघून गेला नाहीत, याचे पहिले आभार. मारुतीच्या पारावर बसून तुम्ही वहीत आकृती काढली. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद असतो आणि मधोमध फक्त १० सेंटीमीटर उंच. गाडी त्यावरून ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने सहज जाते, आणि तोही मुळात लहान रस्त्यांसाठी सांगितलेला. आपल्याकडे गावोगावी होतो तो हात-दीड हात रुंदीचा उंचवटा. रात्री तो दिसत नाही. मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसलेली बाई सगळ्यात आधी पडते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर त्यावर हिसका खातो. आणि मग तुम्ही विचारलंत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला जाणारे पेशंट याच रस्त्याने जातात ना?

त्यावर पारावरचे सगळे गप्प झाले. आमच्यातल्या कितीतरी घरांनी आपलं माणूस त्या हॉस्पिटलला नेलेलं आहे. माझ्या आईला मी नेत होतो, तेव्हा रस्त्यातला प्रत्येक दणका तिच्या चेहऱ्यावर दिसायचा. ब्रेकरचा विषय तिथेच संपला. कुणी आवाज चढवला नाही, कुणाचा अपमान झाला नाही.

मी गणिताचा शिक्षक, त्यामुळे पुढचा भाग मला सगळ्यात जवळचा. वेग मोजायला तुम्ही यंत्राची वाट पाहिली नाहीत. शाळेच्या कुंपणाच्या आत उभं राहून, समोरच्या रस्त्यावर ५० मीटरच्या दोन खुणा ठरवून, नववीच्या मुलांच्या हातात स्टॉपवॉच दिलंत. मीटरला सेकंदांनी भागायचं आणि ३.६ ने गुणायचं, की ताशी किलोमीटर येतात. गाडी साडेचार सेकंदांत गेली तर वेग ४०, सव्वादोन सेकंदांत गेली तर ८०. मुलांनी तक्ते भरले. सगळ्या वेगांची सरासरी काढून भागत नाही, शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत जातात तो वेग बघायचा, हे तुम्ही त्यांना फळ्यावर समजावलंत. ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबायला अंतर चौपट लागतं. हे वर्गात मी अनेकदा शिकवलं होतं, पण मुलांना ते खरं वाटलं त्या कुंपणापाशी.

वेगमर्यादेचा बोर्ड तर आधीपासून होता, त्यावर ४० लिहिलेलंही होतं. गावात शिरताना तो एका बाजूने बाभळीआड आणि दुसऱ्या बाजूने वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेला होता. तुमचं म्हणणं वेगळंच होतं. रस्ता रुंद झाला, डांबर गुळगुळीत झालं, समोर सरळ पट्टा दिसतो, मग ड्रायव्हरला गाव लागलंय हे कळायचं कशावरून? आधी त्याला गाव दिसलं पाहिजे, आकडा त्यानंतर. आमच्या डोक्यात हा विचार कधी आला नव्हता. आम्ही फक्त ड्रायव्हरांना शिव्या देत होतो.

मग कामं झाली. दोन्ही वेशींवर थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे गरम करून लावतात त्या जाड रंगाचे, आडवे पांढरे पट्टे आले. मूळ नकाशात ते पहिल्या घराच्या अगदी समोर होते. रात्रभर टायरांच्या आवाजाने म्हाताऱ्या माणसांना झोप लागणार नाही म्हणून तुम्ही ते वस्तीच्या बाहेर सरकवलेत. कडेच्या रेषा आत घेतल्या, त्यामुळे डांबर तेवढंच असूनही गावातला रस्ता अरुंद दिसायला लागला. बाभूळ छाटली. बोर्डाजवळ कुणाचाही फ्लेक्स लावायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत झाला. हा ठराव आमच्याकडे सोपा नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या सभेत तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सांगितलात की वाहनांचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. फ्लेक्सवर सगळ्यात जास्त वेळा झळकलेले आमचे एक पुढारीच पहिल्यांदा हात वर करून उभे राहिले.

सगळ्यात अवघड काम एसटीच्या थांब्याचं होतं. बस झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबायची, मुलं बसच्या पुढून धावायची आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्याला ती दिसायचीच नाहीत. आमच्या मुलीला अपघात झाला तो असाच. थांबा पट्ट्यांच्या पुढे नेला की मुलं बसच्या मागून ओलांडतात आणि मागून येणाऱ्या गाडीला आधीच दिसतात. पण जुन्या थांब्यावर चहाची टपरी होती, तिचं काय? तुम्ही संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर परत आलात, टपरीवाल्या काकांशी बोललात, नव्या थांब्याजवळची जागा ग्रामपंचायतीकडून मिळवून दिलीत. हे तुमच्या कामाच्या यादीत कुठेही नव्हतं. थांब्याचा प्रस्ताव एसटीकडे गेला, बाकीचा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीपुढे गेला. त्या कागदांचा पाठपुरावा तुम्ही केलात.

गाळप हंगामातलंही सांगायला हवं. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, माणसं रात्री उशिरा परततात आणि त्याच वेळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागे दिवा नाही, काही नाही. तुम्ही सुचवलंत आणि आमच्या मुलांनी गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागून लाल रेडियम पट्ट्या चिकटवल्या. हंगाम सुरू झाला की आता ते काम आमची शाळा करते. बाहेरगावच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही मुलं थांब्यावर गाठतात, आणि कुणी नाही म्हणत नाही.

वेग कमी झाला आहे. नववीची नवी तुकडी दर सहामाहीला मोजते आणि तक्ते शाळेत जपून ठेवलेत. सगळ्याच गाड्या ४० च्या आत जातात असं नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावर अजून काहीजण सुसाट येतात, आणि त्याची काळजी वाटते. पण शाळा सुटायच्या वेळेला झेब्रा पट्ट्यांपाशी गाड्या थांबतात. ती मुलगी आता स्वतः चालत शाळेत येते. तिच्या आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

गेल्या पावसाळ्यात झेब्रा पट्टे पुसट झालेत. तुमच्या जागी आलेल्या साहेबांना ग्रामपंचायतीने अर्ज दिला आहे आणि त्याला तुम्ही काढलेला नकाशा जोडला आहे. ते येऊन पाहून गेले, दिवाळीनंतर रंगवतो म्हणालेत.

तुमचा नवीन पत्ता तेवढा कळवा. ग्रामसभेने तुमच्या आभाराचा ठराव एकमताने केला आहे, त्याची सही-शिक्क्याची प्रत आणि मुलांचा पहिला तक्ता पोस्टाने पाठवायचा आहे.

आपला,
गणित शिक्षक, आणि सर्व ग्रामस्थ