आजीला कळलेली मिस्सा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वसईतल्या आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, काही तरुण मुलं हल्ली लॅटिन मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या जुन्या लॅटिन उपासनेचे, व्हिडिओ एकमेकांना पाठवतात. ‘खरं पावित्र्य त्या भाषेत होतं, मराठीत सगळं साधं होऊन गेलं,’ असं त्यांचं म्हणणं. मुलं भाविक आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. मी त्या लॅटिन मिस्साला सेवक म्हणून उभा राहिलेला माणूस आहे.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आल्तारच्या, म्हणजे वेदीच्या, पायरीशी गुडघे टेकून ‘आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तुतेम मेआम’ असं घडाघडा म्हणायचो. ‘माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे’ हा त्याचा अर्थ मला कळला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. फादरांची पाठ लोकांकडे असे आणि मुख्य प्रार्थना ते अगदी हळू आवाजात म्हणत. प्रवचन तेवढं मराठीत. मागे बायका रोझरीचे मणी ओढत बसायच्या आणि घंटी वाजली की मान वर करायच्या. माझी आजीही त्यांच्यातच.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. बाजूने २१४७ मतं, विरोधात फक्त ४. त्यात लॅटिन टाकून द्या असं कुठेही म्हटलेलं नाही, लोकभाषेला वाट मोकळी केली एवढंच. तरी ती मधली मुख्य प्रार्थना लोकभाषेत म्हणायला परवानगी मिळेपर्यंत १९६७ साल उजाडलं.

ती प्रार्थना मराठीत पहिल्यांदा ऐकली त्या रविवारी आजी घरी येऊन ओट्यावर बसली ती उठेचना. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती पैसे साठवून वर्षातून एकदा त्यांच्या नावाने मिस्सा सांगायची. त्या दिवशी म्हणाली, “अरे, मेलेल्यांसाठी फादर दर रविवारी मागतात! इतकी वर्षं मागत होते आणि मला ठाऊकच नव्हतं.” आणि रडली. ती प्रार्थना पूर्वीही रोज होत होती, तिच्यापासून दहा हातांवर. मराठीने साधं काय केलं असं कुणी विचारलं की मला तो ओटा आठवतो.

आणि लॅटिन तरी देवाची भाषा म्हणून आली का? रोममध्ये सुरुवातीला उपासना ग्रीकमध्ये चाले. लोकांना ग्रीक कळेनाशी झाली तेव्हा त्यांच्या तोंडची लॅटिन आली. आपल्या क्रुसाजवळच्या लदीनीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या विनवणीच्या प्रार्थनेत, आपण ‘किरिये एलेइसोन’ (प्रभो, दया कर) म्हणतो, तेही ग्रीकच. संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलला पुढे ‘वुल्गाता’ म्हणू लागले, म्हणजे सर्वसामान्यांत रूढ असलेलं. इकडे फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, तरी गोव्यात राहून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं ते मराठीत, आणि १६१६ साली छापलं. आपल्या वसईच्या फादर दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ या मराठी भाषांतरासाठी किती वर्षं घातली, हे या मुलांच्या आईवडिलांना चांगलं माहीत आहे.

लदीन लॅटिनमध्ये चालू राहावी, जुनी गाणी गायली जावीत, मीही त्यात आवाज मिळवतो. माझी काळजी वेगळीच आहे. आमची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, धर्मशिक्षण इंग्रजीत घेतात आणि मराठी मिस्साला आमच्या शेजारी बसून मोबाइल चाळतात. ‘अर्पण’, ‘अभिवचन’, ‘पापक्षमा’ हे शब्द त्यांच्या कानांवरून तसेच जातात, जसं माझं लॅटिन माझ्या जिभेवरून जायचं. त्यांच्यासाठी मराठीचीच लॅटिन होऊ लागली आहे. फादरांना आणि पालकांना माझी विनंती आहे की धर्मशिक्षणाचा निदान एक तास मराठीत ठेवा, आणि रविवारचं पहिलं वाचन आळीपाळीने मुलांना द्या. आधी घरी अर्थ सांगून, मग.

गेल्या महिन्यात नातीला वाचन मिळालं. शनिवारी संध्याकाळी दोघं ओट्यावर बसलो. ‘अभिवचन’ला ती तीनदा अडखळली, मग म्हणाली, “म्हणजे प्रॉमिस ना, आजोबा? मग तसं सांगा ना आधी.” रविवारी ती अडखळली नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, वसई