पाटी मराठी झाली, वेबसाइटचे काय?

मा. संपादक यांस,
स. न.

दुकानांच्या मराठी पाट्यांवर आपल्याकडे जो पत्रव्यवहार चालू आहे तो मी रोज चहाबरोबर वाचते. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी लावावी लागते, मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, हे सगळे वाचकांनी लिहून झाले आहे. मला त्याच दुकानांच्या दुसऱ्या पाटीबद्दल लिहायचे आहे. ती फोनवर दिसते आणि ती मी रंगवते.

मी सांगलीत घरी बसून वेबसाइट तयार करून देते. नोकरी नाही, कंपनी नाही. काम आले की करायचे, बिल पाठवायचे आणि मग त्या बिलाची आठवण पाठवत राहायचे. (शेजाऱ्यांच्या मते मी ‘घरीच असते’, त्यामुळे अख्ख्या मजल्याची कुरिअर माझ्याकडे उतरतात.) गिऱ्हाईक इकडचेच: हळदीचे अडते, तासगावचा बेदाणा विकणारे, दातांचे दवाखाने, पतसंस्था, मिरजेत सतारी करणारे एक घर. मजकूर येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. कधी लेटरहेडचा तिरका फोटो, कधी चालत्या गाडीतून बोललेला निरोप, आणि बहुतेक वेळा डीटीपीवाल्याकडची, श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधली फाइल. लग्नपत्रिकेपासून वार्षिक अहवालापर्यंत आपल्याकडचे बरेचसे मॅटर वर्षानुवर्षे त्यातच बसले. छापायला ते उत्तम. पण तसेच उचलून वेबसाइटवर टाकले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण त्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांना मराठी अक्षरांची चित्रे चढवलेली असतात. म्हणून ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळेल अशा पद्धतीत, बदलून घ्यावे लागते. आणि बदलताना र मरतो.

कोयनेच्या बाजूला होमस्टे चालवणारे एक गृहस्थ आले होते. वेबसाइट दुसऱ्या कोणी करून दिलेली, दुरुस्ती माझ्याकडे. पहिल्याच पानावर, धुक्याच्या फोटोवर, ठळक अक्षरांत: ‘डोंगर-दर्यांच्या कुशीत निवांत दोन दिवस’. सातारा जिल्ह्यात दर्या! त्यांना दाखवले तर म्हणाले, ‘अहो ताई, वाचणाऱ्याला कळतंय की.’ कळतंय, खरे आहे. पण हाच घोटाळा शेतकऱ्यांचे ‘शेतकर्यांचे’ करतो, आणि मग त्या पानावर कोणी ‘शेतकऱ्यांचे’ असे शोधले तर शब्द सापडत नाही, समोर दिसत असूनही. कारण अगदी किरकोळ आहे. साधा र, त्याला हलन्त आणि पुढे य दिला की संगणक रफार काढतो, जसा ‘कार्य’मध्ये. दऱ्यांमधला र हवा असेल तर खाली टिंब असलेला ऱ वापरावा लागतो. इनस्क्रिप्ट नावाच्या मराठी कळफलकावर तो र च्याच कळीवर, शिफ्ट दाबून येतो. रूपांतर करणारी काही सॉफ्टवेअर हा फरक पाळत नाहीत आणि त्यानंतर मजकूर कोणी डोळ्यांखालून घालत नाही. मी घालते, म्हणून माझे काम उशिरा होते अशी माझी ख्याती आहे.

दुसरी गोष्ट ल आणि श यांची. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२मध्ये वर्णमालेचा सुधारित निर्णय काढला. त्यानुसार मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायचा आहे. आपण शाळेत तोच गिरवला. फोनवर मात्र बहुतेक ठिकाणी उभ्या दांड्याचा, हिंदी वळणाचा ल दिसतो. पुष्कळांना वाटते की मराठी फॉन्टच नाहीत. तसे नाही. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठीसाठीच केलेला आहे आणि फुकट आहे. नोटो सॅन्स देवनागरीच्या पोटात तर दोन्ही वळणे असतात. पान कोणत्या भाषेतले आहे हे त्याला सांगितले की तो आपण होऊन मराठी ल काढतो.

सांगायचे कुठे, तर प्रत्येक वेब पानाच्या अगदी वरच्या ओळीत भाषेची एक खूण लिहायची जागा असते. मराठीची खूण ‘एमआर’, दोन अक्षरांची. वर्डप्रेस या वेबसाइट करायच्या साधनावर साइट चढवताना भाषा निवडली नाही, तर तिथे अमेरिकी इंग्रजी पडते आणि जन्मभर तसेच राहते. पतसंस्थेचे पान नखशिखान्त मराठी, ठेवीदार, कर्जदार, जामीनदार सगळे मराठी, आणि वर लिहिलेले की हे पान अमेरिकन इंग्रजीत आहे. काही जण देवनागरी दिसते म्हणून तिथे हिंदी लिहितात. दुरुस्तीला सेटिंगमध्ये जाऊन यादीतून मराठी निवडायचे, बास. तसे केले की आतली सगळी बटणेही मराठी होतात आणि दुकान सांभाळणारा मालकाचा मुलगा घाबरून फोन करतो, ‘डॅशबोर्ड गेला!’ त्याच्यापुरते ते परत इंग्रजी करता येते, त्याच्या प्रोफाइलमध्ये.

अक्षराच्या वळणावर एवढे काय, असे कोणी म्हणेल. मीही वर्षभर असेच म्हणत होते, तोवर आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांना दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचे स्क्रीन रीडर वापरतात, तेही मोफत मिळते. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते आणि कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचे हे ते त्याच खुणेवरून ठरवू शकते. सर पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना शोधत होते. पान उघडले, यंत्राने मराठी मथळा परक्या आवाजात कसाबसा ओढला, आणि जिथे सूचना होती तिथे ‘ग्राफिक’ एवढेच म्हणून पुढे गेले. सूचना म्हणजे सही-शिक्क्यासकट कागदाचा फोटो होता. सरांनी तीनदा मागे जाऊन ऐकले. तीनदा ‘ग्राफिक’. मग ते हसून म्हणाले, ‘सभासद मी १९८१पासून आहे, पण हे पान मला ओळखत नाही.’ दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, माहिती वाचता येईल अशा रूपात मिळावी हे त्यात आहे. पण कायदा दाखवायला सर काही तिथे गेले नाहीत. त्यांनी पुतण्याला सांगून सूचना वाचून घेतली.

माझा छंदही याच गल्लीतला आहे, हे कबूल करते. रात्री काम आवरले की मी इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पुस्तकांचे स्कॅन उघडून बसते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पाने मोठी करून बघावीत. शिशाच्या खिळ्यांत जोडाक्षरे अशी बसवली आहेत की आपल्या फोनला लाज वाटावी. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट काढला, ती अक्षरे आपण सरकारी कागदांत रोज बघतो आणि काढणाऱ्याचे नाव सहसा कोणाला माहीत नसते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी मुक्ता, बालू, मोदक असे फॉन्ट करून सर्वांना खुले दिले. लोकलच्या हाताने रंगवलेल्या फलकांवरून बेतलेला ‘यात्रा’ही तसाच फुकट आहे. मिरजेच्या बाजारातल्या जुन्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढते, तेव्हा दुकानदाराला वाटते की मी कर वसुलीची आहे. त्या पाट्यांवर पेंटरने देठाचा श कोणाच्या परिपत्रकाशिवाय काढलेला असतो.

तेव्हा पाट्यांबद्दल पोटतिडकीने लिहिणाऱ्या वाचकांना विनंती आहे. आपल्या दुकानाची, शाळेची, संस्थेची वेबसाइट करून घ्याल तेव्हा करणाऱ्याला विचारा, पानाची भाषा मराठी लावली का. सूचनेचा फोटो टाकू देऊ नका, मजकूर टाइप करून घ्या. सही-शिक्क्याचा कागद हवा तर खाली जोडा. आणि एकदा स्वतः फोनवर मोठ्याने वाचून बघा, विशेषतः जिथे जिथे ‘ऱ्या’ येतो तिथे. अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची इंग्रजी हौस असते, ती देवनागरीवर केली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. तसे दिसले तर खुशाल परत पाठवा. ‘लोगो मोठा करा’ हे सांगायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त लागणार नाही. आम्ही लोगो मोठा करतोच.

जाता जाता, आपल्या वृत्तपत्राच्या वेबसाइटचे पहिले पानही मी काल उघडून पाहिले. अग्रलेख मराठी अस्मितेवर होता, आणि पानाच्या वरच्या ओळीत भाषा इंग्रजी लिहिली आहे. आपल्या तांत्रिक विभागाला कळवावे. पाच मिनिटांचे काम आहे. नाहीच कोणी सापडले तर मी करून देते, बिल पाठवणार नाही.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली
(कृपया नाव छापू नये. गिऱ्हाइके ओळखीतली आहेत.)