माझी वही वाचणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर साहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फी घेतली नाहीत. पेढे आणले तर ते आमच्याच अंगणात पोरांना वाटून टाकलेत. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, हे तरी तुम्हाला वाटून टाकता यायचं नाही. नाव लिहीत नाही. रिटायर झाल्यावर तरी यांना दोन घास सुखाने खाऊ द्या, असा दम तुमच्या घरच्या काकूंनी भरलाय मला.

आमची कोंबडीच्या दोन हजार पिल्लांची शेड, सिन्नर तालुक्यात. करारावर नाही, स्वतःची. म्हणजे पिल्लं उधार, खाद्य उधार, मर तेवढी रोख. आमचे हे कंपनीत शिफ्टला जातात, शेड मी बघते. गेल्या पावसाळ्यात ओळीने दोन बॅच बसल्या. दुसऱ्या बॅचला तर रोज सकाळी बादली घेऊन आत जायचं आणि भरून बाहेर यायचं. तीनशेच्या वर पिल्लं मी या हातांनी खड्ड्यात टाकून वर चुना मारलाय.

तुमच्याआधी कोणी आलंच नाही असं नाही. औषधवाला यायचा, गाडीवरूनच विचारायचा, "दादा आहेत का घरात?" दादा ड्युटीवर आहेत, माझ्याशी बोला म्हटलं की फोन काढून दादांनाच लावायचा. मी तिथे उभी, आणि माझ्या कोंबड्यांचं बोलणं चाललंय कंपनीच्या गेटवरच्या माणसाशी! मग एक पुडी, पाच दिवस पाण्यातून. फरक नाही? मग भारीतली पुडी. तरी नाही? मग दोन्ही एकत्र. दुसरा एक जण आत आला, पण दुसऱ्याच्या मरत्या शेडमधून आला त्याच बुटांनी. आणि एका सरकारी दारात मला सांगितलं, "कोंबड्यांचं काय बघायचं? गाय असेल तर आणा."

तुम्ही आलात तेव्हा आधी चपला दारातल्या चुन्यात बुडवल्यात. मग मधोमध जाऊन उकिडवे बसलात आणि मान खाली घालून नाक पार पिल्लांच्या उंचीला नेलंत. मला वाटलं काही पडलं तुमचं. "उभ्याने वास येत नाही ताई, तो यांना येतो," म्हणालात. खाली अंथरलेला मूठभर तूस उचलून दाबलंत, मूठ उघडली तर लाडू वळलेला. मेलेलं एक पिल्लू पेपरवर उघडून दाखवलंत. काळजावर पिवळट पापुद्रा, दुधावर साय धरावी तसा. इतक्या वर्षांत मला कोणी ते दाखवलं नव्हतं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची. हात धुतलेत आणि विचारलंत, "ताई, काही लिहून ठेवता का?"

मी लाजतच वही आणली. मुलीची चौथीची उरलेली वही, पुढे पाढे आणि मागच्या पानांवर माझा संसार: तारीख, खाद्याच्या गोण्या, पाणी, मर. आतापर्यंत ती कोणी उघडली नव्हती, आमच्या यांनीसुद्धा नाही. तुम्ही चष्मा बदललात, खाटेवर बसलात आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलात. नुसतं चाळणं नाही. ओळीवर पेन्सिल ठेवून. पानांत अडकलेला तूस फुंकर मारून उडवत. मध्येच विचारायचात, "हे 'पाणी जास्त' म्हणजे प्यायली की सांडलं?" चहा गार झाला, वर साय धरली. मी दाराला टेकून उभी, आणि शाळेत तपासणी चालल्यासारखं छातीत धडधडत होतं.

एका तारखेखाली तुम्ही रेघ मारलीत. तिथे मी लिहिलं होतं, "मागच्या बाजूचं निपल गळतंय." निपल म्हणजे पिल्लं चोच लावून पाणी पितात ती तोटी. चार दिवस खाली, "वास." त्याच्या खाली, "खोकला." आणि मग मरीचे आकडे. गळकं पाणी, ओला तूस, त्यातून उठलेला अमोनिया, त्याने खरवडलेला पिल्लांचा श्वास आणि त्या वाटेने शिरलेला ई-कोलाय नावाचा जंतू. सगळं माझ्याच अक्षरात होतं. "तुम्ही तर आधीच शोधलंय," असं म्हणून वही दोन्ही हातांनी परत दिलीत. डॉक्टर साहेब, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुम्हाला वाटलं साखर आणायला गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. प्रयोगशाळेचा कागद आला, त्यात बहुतेक औषधांपुढे इंग्रजी 'आर'. म्हणजे त्या जंतूंनी औषधाला दाद देणं सोडलेलं. तसाच 'आर'वाला कागद मी आधी पाहिला होता, सासूबाईंच्या लघवीच्या तपासणीचा. हे त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणाला नाहीत. पण आम्ही पाण्यातून द्यायचो ते एन्रोफ्लॉक्सासिन आणि त्यांच्या चिठ्ठीतलं सिप्रोफ्लॉक्सासिन सख्खी भावंडं आहेत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा घास घशात अडकला. खाद्य मापायचा आमचा जुना डबा उलटा करून तुम्ही नाव वाचलंत: कोलिस्टिन. माणसाला दुसरं काही लागू पडेना झालं की शेवटी काढायचं औषध. जनावरांना द्यायचं सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केलेलं. आणि आम्ही त्याच्या डब्याने भरडा मापत होतो.

ओवा, लसूण, हळद खाद्यात घालू या म्हणालात, तर सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, "कोंबडी काय बाळंत झालीय?" तुम्ही म्हणालात, "आजी, बाळंतिणीच्या पोटाला चालतो तो हिच्याही पोटाला चालतो." परदेशात कोंबडीच्या खाद्याला वनस्पतींची तेलं लावतात, त्यातलं थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर असतं, हे त्या आता गावभर सांगतात. पण तुम्ही एकदाही जादू विकली नाहीत. हे आजाऱ्याचं औषध नव्हे, आतडं धड ठेवायची खटपट आहे. प्रत्येक लसणाचा जोर सारखा नसतो. खरंच दुखणं आलं तर तपासून, योग्य ते अँटिबायोटिक पुरतं द्यायचं, लाज धरायची नाही. पण निरोग्या पिल्लाला वाढीसाठी रोज चिमूट चिमूट द्यायचं नाही, रोज चापट खाणारं पोर कोडगं होतं. स्वीडनने हे खाद्यातलं रोजचं अँटिबायोटिक १९८६ मध्येच थांबवलं, सगळ्या युरोपीय संघाने २००६ पासून. तिथेही नुसतं बंद करून भागलं नाही, शेड सुधारावी लागली. मापं इथे लिहीत नाही. कोणाची शेड बघितल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, ही तुमची ताकीद आहे.

आणि हळद कधी, किती दिवस, असं मी खोदून विचारलं तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, "मला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो." तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला. इतकी वर्षं ज्यांना सगळं माहीत होतं त्यांचा एक फोन आला नाही कधी. आला तो बिलासाठी.

नंतरच्या बॅचला मर ऐंशीच्या आत राहिली. वजन यायला दोन दिवस जास्त लागले, खाद्यही थोडं जास्त गेलं, ते लपवत नाही. पण घोटीच्या मिलमधून कोरडा तूस आणला, निपल बदलली, दोन बॅचमध्ये शेड पुरी मोकळी ठेवली. ओव्याला किती मार्क आणि कोरड्या तुसाला किती, असं विचारलं तर तुम्ही हसून म्हणालात, "वहीला विचारा."

औषधवाला परवा आला होता. दादा आहेत का म्हणाला. मी वही काढून समोर धरली. तो चष्मा विसरलाय म्हणाला.

मंगळवारी नवीन पिल्लं येतायत. वहीही नवी आहे, दुरेघी, तुमच्यासारखे रकाने मी स्वतः आखलेत. तुमची पेन्सिल त्या दिवशी इथेच राहिली, ती वहीला सुतळीने बांधलीय. ती काही परत मिळणार नाही. चहाला मात्र या, आणि या वेळी गरम असताना प्या.

तुमची,
पोल्ट्रीवाली ताई