पहिल्या शनिवार-रविवारनंतर ताईस पत्र

कराड,
१४ ऑगस्ट २०२४

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री फोनवर तू "पाय फार दुखताहेत, उद्या बोलते" एवढेच म्हणालीस आणि सोमवारी आईला जो सगळा तपशील सांगितलास, तो तिने मला जेवताना जसाच्या तसा ऐकवला. शनिवारी आणि रविवारी पूर्ण दिवस, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर, पहिला आठवडा रॅक लावण्याचा आणि येत्या शनिवारपासून कॅश काउंटर, असे सुपरमार्केटमधले ते काम आहे हे मला त्यावरून कळले. नोकरी ठरल्यावर अकरा दिवस तू मला काही बोलली नाहीस, कारण घरचे किराणा दुकान असताना मुलगी असल्या मोठ्या दुकानात कामाला लागली याचे मला वाईट वाटेल, अशी तुला धास्ती होती म्हणे. खोटे कशाला लिहू, पहिल्या क्षणी वाटलेच. मात्र गेल्या दिवाळीत मी स्वतः साताऱ्यातल्या अशाच एका दुकानातून तेलाचे डबे आणि साबणाची खोकी उचलून आणली होती, कारण तिथला ऑफरचा भाव आपल्या वितरकाच्या भावापेक्षा खाली होता. तेव्हा त्या दुकानांविरुद्ध तोंड उघडण्याचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे. आईला हे डब्यांचे प्रकरण ठाऊक नाही, तूही काढू नकोस.

तुझ्या कामाविषयी काही सांगायचे होते, पण फोनवर मला ते नीट जमत नाही, म्हणून दुपारी शटर अर्धे ओढून लिहायला बसलो आहे. शेजारचा मुलगा शुक्रवारी पुण्याला निघाला आहे, त्याच्याकडे हे पत्र देतो, म्हणजे काउंटरवर उभी राहण्याआधी ते तुझ्या हाती पडेल.

आपल्या दुकानात ग्राहक फळीच्या पलीकडे उभा राहतो, वस्तूचे नाव घेतो आणि आपण ती काढून, तोलून, बांधून देतो. ग्राहकाने स्वतः आत शिरून हाताने माल उचलायचा आणि बाहेर पडताना एका ठिकाणी पैसे द्यायचे, ही पद्धत अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९१६ साली 'पिगली विगली' नावाच्या दुकानाने सुरू केली, असे मी वाचले आहे. मला मात्र ती पहिल्यांदा दिसली ती वारणानगरला. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तुझे आजोबा मला तिथले वारणा बझार हे मोठे सहकारी दुकान दाखवायला घेऊन गेले होते. आसपासच्या खेड्यांतल्या बायका साबणाची वडी हातात घेत होत्या, तिचा वास घेऊन पुन्हा जागेवर ठेवत होत्या आणि तरीही त्यांना कोणी हटकत नव्हते, हे पाहिल्यावर आजोबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या पद्धतीत दुकानदाराला बोलायला जागाच उरत नाही, हे त्यांना तिथे उमगले असावे. तुझ्या नोकरीतही तू काही विकणार नाहीस. वस्तू जागेवर आहे का, तिच्याखाली लावलेला भाव खरा आहे का आणि दाराशी हिशेब बरोबर झाला का, हे पाहण्यासाठी तुला ठेवले आहे.

रॅक लावण्याच्या कामाला तू कंटाळवाणे म्हणालीस, ते आहेच. पण मागचे पुडे पुढे ओढून नवे मागे सरकवायचे, यात मोठ्या दुकानाचा बराच नफा-तोटा दडलेला असतो. आधी आलेला माल पुढे, हा आपला जुना नियम आता पुरत नाही, कारण नंतर आलेल्या खोक्यावरची मुदत कधी कधी आधी संपते. म्हणून तारीख वाचूनच जागा ठरवावी लागते. भावाच्या चिठ्ठ्यांचेही तसेच आहे. कॉम्प्युटरमध्ये भाव रात्रीत बदलतो आणि फळीवरची चिठ्ठी बदलायची राहून जाते, मग सकाळी ग्राहक चिठ्ठीवरचा आकडा पाहून वस्तू उचलतो आणि बिलात दुसराच आकडा पाहून भांडतो. हे भांडण रॅकवाल्याशी होत नाही, काउंटरवालीशी होते. उद्याच्या पंधरा ऑगस्टच्या ऑफरसाठी आज रात्री तुम्हा मंडळींना चिठ्ठ्या लावायला थांबवतील, असा माझा अंदाज आहे. शनिवारी तुझ्याशी असे कोणी भांडले, तर ग्राहकाला खोटा पाडू नकोस आणि स्वतःहून भाव कमी करू नकोस. सुपरवायझरला बोलावून चिठ्ठी दाखव.

आता गल्ल्याविषयी लिहितो, आणि खरे तर हे पत्र त्यासाठीच आहे.

१९९४ साली कोल्हापूरला बी. कॉम. करत असताना मी संध्याकाळी एका दुकानात गल्ल्यावर बसत असे. त्या दुकानाचे नाव लिहीत नाही, ते आता राहिलेही नाही. पगार महिना ४५० रुपये होता. चहाला उठताना मी गल्ला न मोजता शेजारच्या माणसाच्या हवाली करत असे आणि परत आल्यावर न मोजताच ताब्यात घेत असे, कारण त्याच्यासमोर पैसे मोजणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे मला वाटत असे. एका महिन्यात तीन वेळा मिळून ७० रुपये कमी आले आणि ते माझ्या पगारातून वळते झाले. त्या माणसाने ते घेतले असे मी आजही म्हणणार नाही. पन्नासची समजून शंभराची नोट मीच कोणाला परत दिली असेन. वाईट एवढेच झाले, की चूक कोणाची ते कळण्याची सोयच मी ठेवली नव्हती. त्या महिन्यात मेसचे पैसे मी मित्राकडून उसने घेऊन भरले आणि ही गोष्ट तुझ्या आजोबांना त्यांच्या अखेरपर्यंत सांगितली नाही. आईलाही ती हे पत्र मी वाचून दाखवले तरच कळेल.

म्हणून ड्रॉवर हातात घेताना त्यातली सुरुवातीची रक्कम मोज, आणि पाच मिनिटांसाठी उठलीस तरी देताना आणि परत घेताना समोरच्याच्या देखत मोज. कोणी तोंड वाकडे केले तर करू दे. ग्राहकाने दिलेली नोट सुटे परत देईपर्यंत ड्रॉवरमध्ये टाकू नकोस, बाहेर डोळ्यांसमोर ठेव. "मी पाचशेची दिली होती" हा वाद त्या एका सवयीने मिटतो. मोबाइलवरून पैसे देणाऱ्याच्या स्क्रीनवर हिरवी खूण दिसली तरी तुझ्या मशीनवर रक्कम जमा झाल्याचे दिसल्याशिवाय पिशवी पुढे सरकवू नकोस. आपल्या दुकानात मी त्या हिरव्या खुणेवर दोनदा फसलो आहे, तेव्हा हा भाग अनुभवाचा समज.

एक गोष्ट माझ्या काळी नव्हती, ती म्हणजे तुझ्या नावाचा लॉगिन. त्या लॉगिनवर झालेले प्रत्येक बिल, आणि विशेषतः रद्द केलेले प्रत्येक बिल, तुझ्या नावावर नोंदले जाते. मोठ्या दुकानांत चोरी शोधताना रद्द झालेली बिले आधी तपासतात, कारण ग्राहकाकडून रोख घेऊन मागाहून बिल रद्द करायचे, ही जुनी युक्ती आहे. गर्दीच्या वेळी एखादी मैत्रीण "तुझ्याच लॉगिनवर दोन बिले करते" म्हणेल, तेव्हा तिला नाही म्हणणे तुला जड जाईल, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तरी नाही म्हण.

एवढे करूनही एखाद्या दिवशी पैसे कमी येतील, ते सगळ्यांचेच येतात. वेतनाच्या कायद्यानुसार, ज्या पैशाचा हिशेब कामगाराने द्यायचा आहे तो त्याच्या हलगर्जीपणामुळेच गेला असेल तर पगारातून कापता येतो, पण त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे "गुपचूप खिशातून भर आणि विषय संपव" असे कोणी म्हणाले, तर ती सवलत नव्हे. तसे भरलेस तर त्या तुटीची कुठेच नोंद राहत नाही आणि पुढच्या वेळीही तुझ्याकडूनच अपेक्षा केली जाते. जे काही असेल ते कागदावर येऊ दे, आणि त्याच रात्री मला फोन कर. रक्कम कितीही असो, मी रागावणार नाही.

रविवारचे तू आईला सांगितलेस, त्यात दोन गोष्टी मला खटकल्या. जेवायला वीस मिनिटे मिळाली आणि दुकानातून बाहेर पडायला पावणेदहा झाले. आपल्या राज्यात दुकानांसाठी २०१७ चा कायदा आहे आणि आजच्या, म्हणजे २०२४ च्या, नियमांप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. त्यात सलग पाच तासांहून अधिक काम घ्यायचे असेल तर मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी आहे, दिवसाचे काम नऊ तासांचे आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दराने पैसे आहेत. रात्री साडेनऊनंतर स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि ती थांबली तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर येते. पहिल्याच आठवड्यात कायद्याचे पुस्तक उघडून उभी राहा असे मी म्हणत नाही, तसे केलेस तर सुपरवायझर तुला नवी फटाकडी समजेल. पण तू असा एखादा संमतीचा कागद सह्या करताना भरून दिला आहेस का, ते मला कळव. पंधरा ऑगस्ट ही त्या कायद्याने पगारी सुट्टी आहे, तेव्हा उद्याच्या कामाचा हिशेब ते कसा करतात तेही विचार. विचारण्यात काही गैर नाही.

नेमणुकीच्या पत्रावर दुकानाचे नाव आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे, हे मी सांगूनही तू पाहिलेले नाहीस. ते आज पाहा, कारण पगार थकला तर कोणाच्या दारात उभे राहायचे ते त्यावरून ठरते. महिना ९,००० रुपये ठरले असतील, तर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के म्हणजे ६८ रुपये जातील, भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर त्याचे मूळ वेतनाच्या १२ टक्के जातील, आणि व्यवसाय कर मुळीच जाणार नाही, कारण २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून महाराष्ट्रात तो माफ आहे. याखेरीज 'इतर' म्हणून काही कापलेले दिसले तर ते काय आहे ते विचार. युनिफॉर्मचे पैसे बहुधा त्या रकान्यात सापडतात.

राहिले तुझे पाय. मी सत्तावीस वर्षे दुकान चालवतो आहे, पण गादीवर बसून. ग्राहक नसेल तेव्हा पाय लांब करतो, पेपर वाचतो, कधी डुलकीही काढतो. त्यामुळे नऊ तास उभे राहणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असा आव मी आणणार नाही. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी याच कारणासाठी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात कामाच्या जागी बसायची सोय करण्याची तरतूद आली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. दुकानात मालक बसलेला असतो आणि नोकर उभा असतो, यात वावगे काही आहे असे मला ती बातमी वाचेपर्यंत कधी वाटले नव्हते. आपल्याकडचा पोऱ्या सकाळपासून उभाच असतो. सोमवारी रात्री तुझी हकीकत ऐकल्यावर मंगळवारी मी त्याच्यासाठी माळ्यावरचे जुने स्टूल खाली काढले. त्याने दिवसभर त्याच्यावर डाळीचे पोते ठेवले, तो भाग वेगळा. तुझ्या काउंटरमागे स्टूल नसेल तर चौकशी कर, आणि तोवर तळव्याला मऊ असे बूट घे. त्या सपाट चपला घालून शनिवारी जाऊ नकोस.

कॉलेजच्या हजेरीचे आईने तुला पुरेसे ऐकवले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. गणपती ७ सप्टेंबरला आहेत आणि तो नेमका शनिवार आहे, तेव्हा सुट्टीचा अर्ज आताच देऊन ठेव; त्या आठवड्यात सगळेच मागणार. नाही मिळाली तर तसे आधी कळव, म्हणजे आरतीची वेळ तुझ्या यायच्या गाडीवर ठरवू.

पत्राबरोबर बुटांसाठी १,२०० रुपये आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी पाठवली आहे. आई विचारते आहे, की रविवारी जेवणाची सुट्टी नेमकी किती वाजता असते, कारण तेव्हा फोन केलेला चालेल का ते तिला ठरवायचे आहे.

तुझे,
अप्पा