फुरशाचे बक्षीस आणि दोन लाखांचा जीआर: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सर्पदंशाबाबतच्या सरकारी सूचना वाडीपर्यंत न पोचणे, आणि त्याबाबत रत्नागिरीचाच एक जुना दाखला

महोदय,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा माणूस. थोडी कलमे आहेत, त्याहून जास्त पडीक कातळ आहे, आणि आमच्या व चुलत्यांच्या जमिनीमध्ये एक सामाईक गडगा, म्हणजे दगड रचून केलेला बांध आहे. हे पत्र त्या गडग्यापासून सुरू होते.

गेल्या ऑक्टोबरात पावसाने ढासळलेला गडगा परत रचताना चुलतवहिनींनी एक दगड उचलला आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला काहीतरी डसले. त्यांना वाटले इंगळी असेल. दगड पायाने उलटला तर खाली हातभरही लांब नसलेले, मातकट रंगाचे जनावर. आठाच्या आकड्यासारखी वळी घातलेली, अंगाला अंग घासून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज करणारे. फुरसे. कोकणात कुणाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्यापासून नऊ किलोमीटर. मालाच्या पेट्या नेणाऱ्या शेजारच्या टेम्पोत घालून वहिनींना तिथे नेले. सिस्टरने बोट पाहिले, धीर दिला आणि सांगितले की सापावरची लस संपली आहे, मागणी पाठवली आहे, तुम्ही थेट रत्नागिरीला न्या. लस संपून अकरा दिवस झाले होते. टेम्पो परत वळवला आणि ज्या फाट्यावरून आलो होतो त्याच फाट्यावरून पुढे गेलो. यात तासापेक्षा जास्त वेळ गेला.

मोठ्या दवाखान्यात फुरशाच्या दंशावर पहिली तपासणी करतात ती बघण्यासारखी असते. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात, नळी उभी ठेवतात आणि वीस मिनिटे तिला कुणी हात लावत नाही. मग हळूच तिरकी करतात. रक्त साकळले असेल तर ते बुडाशी धरून राहते. वहिनींच्या नळीतले रक्त कोकम सरबतासारखे काठापर्यंत वाहत आले. तोवर त्यांच्या हिरड्यांतूनही रक्त यायला लागले होते. लस टोचली, सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा लस. पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. बोट वाकडे राहिले आहे, एवढ्यावर निभावले.

मंत्रीमहोदय, माझी तक्रार त्या सिस्टरबद्दल नाही. लस संपते, मागणी जाते, गाडी उशिरा येते, हे समजू शकतो. मी विचारतो ते एवढेच की लस नाही ही गोष्ट अकरा दिवस गावात कुणालाच कशी कळली नाही.

आता जुना दाखला. निवृत्तीनंतर मला जुने सरकारी कागद वाचण्याचा नाद लागला आहे. घरातले लोक त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात, पण या वेळी तो कामी आला. जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाचे आयसीएस अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या जिल्ह्यात होते. पक्ष्यांचा आणि सापांचा अभ्यास करणारे गृहस्थ. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली. तिच्या नियतकालिकात त्यांनी फुरशाबद्दल लिहिले आहे. इतर सगळ्या विषारी सापांनी मिळून घेतले नसतील इतके बळी इथे एकटे फुरसे घेते, असे त्यांचे म्हणणे. त्या काळी मुंबई सरकार फुरसे मारून आणणाऱ्याला बक्षीस देत असे. त्या बक्षिसापोटी एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सहा वर्षे, वर्षाला सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली.

हा आकडा मी तीनदा वाचला. दिवसाला सहाशेवर. सहा वर्षांचे साडेतेरा लाख. एका डिसेंबरात तर अवघ्या आठ दिवसांत लाखावर फुरशी जमा झाल्याची नोंद आहे. बक्षीस मोजायचे ते पैंमध्ये, आणि रुपयाच्या पै १९२. म्हणजे मूठभर पै मिळवायला लोक उघड्या हातांनी आणि अनवाणी पायांनी कातळावरचे दगड उलटत फिरत होते. ते करताना किती जण चावून घेत असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला असेल असे वाटत नाही.

मला त्यात थक्क करते ते सापांपेक्षा जाहिरनाम्याचे पोचणे. मुंबई सरकारचे गॅझेट १८३१ पासून छापले जात होते, पण सड्यावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग? अक्षर ओळखणारा माणूस दहा वाड्यांत एखादा. तरी खबर पोचली, कारण ती कागदावर राहिली नाही. कचेरीतून पाटलाकडे, पाटलाकडून चावडीवर, चावडीवरून दवंडीच्या तोंडाने वाडीवाडीत. आणि मजकूर केवढा? साप आणा, पैसे न्या. त्यात ‘उपरोक्त’ नव्हते, ‘सदरहू’ नव्हते, सातबारा जोडण्याची अट नव्हती. आठ दिवसांत लाख साप गोळा होतात तेव्हा सरकारची सूचना शेवटच्या झोपडीत गेलेली असते, एवढे तरी मान्य करावे लागते.

पैसा मात्र चुकीच्या ठिकाणी लावला होता. साडेतेरा लाख मारली, तरी फुरसे माझ्या गडग्यात आहेच. ते अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, एका खेपेला पाच-सहा किंवा जास्तही. आणि रत्नागिरीचा सडा म्हणजे मैलोन्मैल भेगाळलेला जांभा. तो सगळा उलटायचा तर पिढ्या गेल्या असत्या. (दिल्लीत इंग्रजांच्या बक्षिसासाठी लोकांनी नाग पाळले ही गोष्ट आपल्याकडे भाषणांत हमखास येते. तिला कागदोपत्री आधार सापडत नाही. रत्नागिरीच्या आकड्यांना आहे. पण आपल्याला दिल्लीची दंतकथा जास्त आवडते.)

खरी मेख मोजणीत होती. साप मोजायला सोपे. पोत्यात घालून आणता येतात, पुढ्यात ओतता येतात, वहीत आकडा मांडता येतो. फुरसे चावलेला माणूस लगेच मरत नाही. त्याच्या लघवीतून रक्त जाते, हिरड्या गळतात, दोन-चार दिवसांनी तो आपल्याच ओटीवर संपतो. त्याला कचेरीत आणणाऱ्याला कुणी पै देत नव्हते. १८७२ साली सर जोसेफ फेरर यांनी हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर रंगीत चित्रांचा थोरला ग्रंथ काढला. चित्रे कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या आपल्याच चित्रकारांनी काढलेली. हेतू हा, की बक्षीस देणाऱ्या साहेबाला विषारी आणि बिनविषारी यातला फरक तरी कळावा. ग्रंथ देखणा आहे. पण चावलेल्या माणसाला द्यायला तेव्हा काहीच नव्हते. घोड्याच्या रक्तातून प्रतिविष काढण्याची युक्ती फ्रान्समध्ये काल्मेत यांनी १८९० च्या दशकात काढली. तोवर सरकारजवळ एकच औषध होते: मेलेल्या सापाचे पैसे. १८८० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानातले सर्पदंशाचे सरकारी मृत्यू वर्षाला वीस हजारांच्या आसपास लिहिलेले आहेत. लिहिलेले, म्हणजे पाटलाने कळवलेले. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बांधला आहे. दवाखान्यांच्या नोंदीत यातला फार थोडा भाग दिसतो. माणसांची मोजणी अजून पाटलाच्याच पद्धतीने चालली आहे.

आजची गोष्ट नेमकी उलटी आहे, म्हणून हे पत्र. आजचा पैसा बऱ्यापैकी योग्य ठिकाणी लागला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस आहे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आणि त्याच नोव्हेंबरात राज्यांना सर्पदंश नोंद बंधनकारक असलेला आजार करा असे सुचवले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत साप चावून शेतकरी गेला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. चांगले आहे. फक्त हे सगळे मला कळले ते वहिनी दवाखान्यात असताना, रात्री मोबाइलवर शोधत बसल्यामुळे. आमच्या वाडीत पंचेचाळीस उंबरे आहेत. मी घरोघरी विचारले. दोन लाखांची योजना तिघांना ऐकून माहीत होती. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, हे एकालाही नाही.

तो जीआर मी छापून घेतला. पहिल्या पानावर प्रस्तावना, मागच्या जीआरचे संदर्भ, वर लांबलचक संकेतांक. माणूस मेल्यानंतरच्या तीस दिवसांत, म्हणजे बारावे-तेरावे चालू असताना, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा आणि वारसांची कागदे जमवायची. आमच्याकडच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची बावीस-बावीस नावे असतात, त्यातली निम्मी मुंबईला, काही वर. आणि ज्याचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही त्याचे काय? वहिनींच्या शेजारच्या खाटेवर एका बागेतला नेपाळी गुरखा होता. त्यालाही फुरसेच, पायाला. आज कोकणातल्या हापूसच्या बागा रात्री राखतात ते हेच लोक. बॅटरी मालकाची, चप्पल स्वतःची. तो वाचला. गेला असता तर त्याच्या बायकोला या योजनेतून काही मिळाले नसते. हे खाते आपले नाही, मला ठाऊक आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत कृषिमंत्री आपल्यापासून दोन खुर्च्यांवर बसत असतील, म्हणून आपल्याला लिहितो.

आपल्या खात्यापुरते मागणे लहान आहे. रेशनच्या दुकानाबाहेर तांदूळ किती, गहू किती, हे खडूने फळ्यावर लिहावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर तसाच फळा लावा: सापावरची लस आज इतक्या कुप्या. शिल्लक नसेल तर शून्य लिहा आणि जवळ कुठे आहे ते लिहा. लाज वाटण्याचे कारण नाही. शून्य वाचून माणूस फाट्यावरूनच पुढे जाईल, आणि आमचा गेला तेवढा वेळ त्याचा जाणार नाही. हा आकडा ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी टाकायला आशाताईंना दोन मिनिटे लागतात. पण आशाताईंच्या डोक्यावर हे आणखी एक बिनपगारी काम होणार असेल तर त्याचा मोबदलाही त्याच आदेशात लिहा.

दुसरे, दवंडी. कचऱ्याच्या घंटागाडीवर भोंगा आहेच, दिवसभर गाणे वाजते. गवतकापणी आणि भातकापणी सुरू व्हायच्या आठवड्यात त्या भोंग्यावर चार वाक्ये लावा. चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन करा. लस अमुक ठिकाणी आहे. मेला तर तीस दिवसांत अर्ज करा. हे मराठीत सांगा, आणि बागांच्या भागात नेपाळीतही.

आणि डोक्यामागे बक्षीस द्यायचेच असेल तर त्याचाही मार्ग आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना केंद्राने २०२१ साली आणली, सुरुवात ५,००० रुपयांपासून झाली. साप चावलेल्याला नेणाऱ्यालाही ती लागू करा. आमच्या टेम्पोवाल्याने त्या दिवशी पेट्या रस्त्याकडेला उतरवून ठेवल्या, परत येऊन बघतो तर दोन गायब. डिझेलचे पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत. सरकारकडून आले असते तर घेतले असते, असे नंतर हसत म्हणाला. व्हिडालसाहेबांच्या काळी मेलेले फुरसे आणणाऱ्याला पै मिळत होत्या. जिवंत माणूस आणणाऱ्याला आज काहीतरी मिळायला हरकत नसावी.

आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर क्षयरोग, कुटुंब नियोजन, हात धुणे असे सगळे रंगवलेले आहे. दाराच्या डाव्या अंगाला, पायरीच्या वर, दोन फूट बाय दीड फूट जागा कोरी आहे. परवा वहिनींच्या बोटाची पट्टी सोडायला गेलो होतो तेव्हा टेपने मोजली. काळा रंग आणि खडूचा डबा मी देतो. भिंतीला हात लावायची परवानगी तेवढी हवी, ती आपल्याच खात्याकडून यावी लागते असे मला तिथे सांगण्यात आले.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक बागायतदार